बोलोन्यात खोली मिळेल का?

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून फोन आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा बोलत होते. ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. मुलीला इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात स्टॅटिस्टिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय, हे मला आधीच कळलं होतं. मुबारकबाद देण्यासाठी मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "सर, अ‍ॅडमिशन झालं, व्हिसाचंही होईल म्हणतात. पण पोरगी राहणार कुठं? महिनाभर मोबाईलवर शोधतेय, खोलीच मिळंना. तुम्ही जरा बघा की."

मी काय बघणार? मी आयुष्यात मुंबईच्या पलीकडे समुद्र पाहिलेला नाही. पण खोली न मिळणं म्हणजे काय, हे मला चांगलंच ठाऊक आहे. बी.एड.च्या वर्षी मी एका मोठ्या शहरात दोन आठवडे खोली शोधत हिंडलो होतो. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची. घरमालक पाणी विचारायचे, गाव विचारायचे, मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की खोली 'कालच गेली' असायची. शेवटी एका मशिदीच्या मुअज्जिनांनी आपल्या खोलीतला अर्धा कोपरा मला दिला आणि माझं बी.एड. झालं. म्हणून त्या फोननंतर मी बोलोन्याबद्दल मिळेल ते वाचायला बसलो. शोधत होतो आजची भाड्याची माहिती, पण पाय घसरला तो थेट बाराव्या शतकात. शिक्षकाचं असंच होतं.

बोलोन्याचं विद्यापीठ 1088 मध्ये स्थापन झालं असं सगळीकडे छापलेलं असतं. त्या वर्षी उद्‌घाटन वगैरे काही झालं नव्हतं. 1888 मध्ये आठशेव्या वर्षाचा समारंभ करायचा म्हणून कवी कार्दुच्ची यांच्या पुढाकाराने एका समितीने ते साल ठरवलं. खरी गोष्ट इतकीच की अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या सुरुवातीला या गावात रोमन कायदा शिकवणारे उस्ताद होते, त्यांतले इर्नेरिओ हे सर्वांत नामांकित. त्यांच्याकडे शिकायला जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इंग्लंड अशा ठिकाणांहून लोक येऊ लागले. इमारत नव्हती. उस्ताद आपल्या घरात किंवा भाड्याच्या जागेत शिकवायचे, विद्यार्थी त्यांना फी द्यायचे. विद्यापीठाची अशी एक इमारत, आर्किजिन्नाझिओ, उभी राहिली ती 1563 मध्ये. म्हणजे पावणेपाचशे वर्षं विद्यापीठ होतं आणि त्याला स्वतःचं छप्पर नव्हतं.

या परदेशी पोरांची अवस्था काय होती? (पोरं म्हणायचं, पण कायदा शिकणारे बरेचसे वीस-तिशीतले होते, त्यांतले कित्येक चर्चचे नोकरदार आणि खात्यापित्या घरचे.) त्या काळी नागरिक असेल त्यालाच गावाच्या कायद्याचं पूर्ण संरक्षण. बाहेरच्याचं तसं नव्हतं. शिवाय एक जुलमी रिवाज होता. समजा, एखादा जर्मन व्यापारी बोलोन्याच्या सावकाराचे पैसे बुडवून पळाला, तर सावकार गावात जो कुणी जर्मन सापडेल त्याला धरायचा आणि त्याच्या सामानातून वसुली करायचा. विद्यार्थी तर आयता हाताशी असायचा. त्याची पुस्तकं जायची, घोडा जायचा, आणि गुन्हा एवढाच की तो त्या मुलखातला होता.

एकाच्या कर्तूतीसाठी त्याच्या नावाच्या, त्याच्या मुलखाच्या दुसऱ्या कुणालातरी जबाबदार धरायचं, हे मला वाचताना फार लांबचं वाटलं नाही.

1155 मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा बोलोन्याजवळ आला, तेव्हा उस्ताद आणि विद्यार्थी त्याला भेटायला गेले. त्यांचं गाऱ्हाणं हेच होतं : गाव चांगलं आहे, पण दुसऱ्यांच्या कर्जासाठी आम्हाला धरतात. सम्राटाने जो हुकूम दिला त्याला 'औथेंतिका हाबिता' म्हणतात. 1158 मध्ये रोंकालियाच्या सभेत तो पक्का झाला. इल्मसाठी प्रवास करणाऱ्याला वाटेत आणि मुक्कामी सुरक्षितता असावी, दुसऱ्याच्या कर्जासाठी त्याला धरू नये, धरल्यास चौपट भरपाई द्यावी, आणि खटला झालाच तर तो आपल्या उस्तादांसमोर चालवायचा की बिशपसमोर, हे विद्यार्थ्याने निवडावं, असा त्याचा आशय. विद्यापीठांच्या इतिहासात हा हुकूम फार मोठा मानतात. मला त्यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. अभ्यासक्रम, पदवी, परीक्षा यांचा त्यात पत्ता नाही. सर्वांत आधी मागितलं गेलं ते प्रवासाला आणि राहण्याला संरक्षण.

सम्राट हुकूम देऊन निघून गेला. घरमालक तिथंच होते. त्यांच्याशी रोजची गाठ. मग विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलखाप्रमाणे गट केले, त्यांना 'नात्सिओ' म्हणत, म्हणजे राष्ट्र किंवा जमात. आल्प्सच्या पलीकडच्यांच्या जमातींचा एक संघ, अलीकडच्यांचा दुसरा, आणि प्रत्येकाचा विद्यार्थ्यांमधूनच निवडलेला रेक्टर. या संघाला लॅटिनमध्ये 'उनिव्हेर्सितास' म्हणायचे. आपण ज्याला युनिव्हर्सिटी म्हणतो तो शब्द मुळात भाडेकरू परदेशी विद्यार्थ्यांच्या संघटनेचा आहे. बोलोन्याच्या स्थानिक पोरांना त्यात जागा नव्हती, त्यांना गरजच नव्हती. उर्दूत विद्यापीठाला आपण 'जामिया' म्हणतो, तो शब्द अरबी, त्याच्या मुळाशी 'जमा' आहे. वर्गात हा शब्द मी वीस वर्षं शिकवतोय, त्याचा अर्थ मला यंदा नीट लागला.

हा संघ कसा वागायचा? उस्तादांना त्यांनी असं धाकात ठेवलं होतं की वाचून माझ्या पोटात गोळा आला. घंटेला तास सुरू झाला नाही तर दंड. घंटा झाल्यावरही शिकवत राहिलात तर दंड. परवानगीशिवाय गाव सोडलं तर दंड. वर्गात पाच विद्यार्थी जमले नाहीत तर उस्तादच गैरहजर धरले जायचे. आमच्या शाळेत हा नियम नाही, अल्लाहचे आभार.

घरभाड्याची त्यांची व्यवस्था मात्र आजही शिकण्यासारखी आहे. 1189 मध्ये पोप क्लेमेंट तिसरे यांनी बोलोन्याला एक फर्मान पाठवलं. ज्या घरात आधीच कुणी विद्यार्थी राहतोय त्या घरासाठी दुसऱ्या विद्यार्थ्याने किंवा उस्तादाने जास्त भाडं देऊ करून त्याला बाहेर काढू नये, असं त्यात होतं. म्हणजे खोलीसाठी एकमेकांवर चढी बोली लावण्याचा प्रकार तेव्हाही इतका माजला होता की रोमपर्यंत तक्रार गेली. पुढे भाडं ठरवणारे पंच नेमले जाऊ लागले, दोन विद्यार्थ्यांच्या बाजूचे, दोन गावाच्या बाजूचे. त्यांनी घर बघून भाडं ठरवायचं. मालकाने ते मानलं नाही तर संघ ते घर वाळीत टाकायचा. काही वर्षं कुठल्याही विद्यार्थ्याने त्या घरात राहायचं नाही. एकट्या विद्यार्थ्याला 'परवडत नसेल तर जा' म्हणणारा मालक असं घर कसं रिकामं ठेवणार?

गावाशी फारच बिनसलं तर शेवटचं हत्यार होतं गाव सोडून जाण्याचं. इमारत नव्हती, त्यामुळे सोडून जायला वेळ लागत नसे. उस्ताद आणि पुस्तकं उचलली की विद्यापीठ निघालं. 1222 मध्ये असेच काही जण पादुआला गेले आणि तिथलं विद्यापीठ सुरू झालं. 1228 मध्ये पादुआच्या विद्यार्थ्यांनी व्हेर्चेल्ली नावाच्या शहराशी लेखी करारच केला : आम्ही तुमच्या गावी येऊ, तुम्ही आम्हाला 500 चांगली घरं राखून ठेवा, भाडं ठरलेल्या मर्यादेवर जाऊ देऊ नका, आणि विद्यार्थ्यांना कर्ज देण्यासाठी 10,000 लिरांची सोय करा. हा करार मी दोनदा वाचला. आपल्या पोरींच्या अब्बांना जे विचारायचं असतं, तेच कलमवार लिहिलेलं.

1321 मध्ये बोलोन्यात व्हॅलेन्सियाच्या एका स्पॅनिश विद्यार्थ्याने एका प्रसिद्ध कायदेपंडिताच्या नात्यातल्या मुलीला पळवून नेण्याचा प्रयत्न केला. शहराच्या अधिकाऱ्याने त्याला देहदंड दिला. विद्यार्थी खवळले आणि आधी इमोला, मग सिएनाला निघून गेले. सवलती मिळाल्यावर पुढच्या वर्षी बरेचसे परतले. इतिहासाची पुस्तकं ही हकिकत विद्यार्थ्यांच्या एकजुटीचा दाखला म्हणून सांगतात. मला ती तशी सांगवत नाही. त्या मुलीचं काय झालं, हे कुठल्या संघाने विचारलं? एकजूट चांगली, पण ती आपल्या माणसाच्या गुन्ह्यावर पांघरूण घालायला वापरली की तिला वास येतो. हे आपल्या मोहल्ल्यातही दिसतं, म्हणून लिहिलं.

आता पैशांची गोष्ट. इथं भाषेच्या शिक्षकाला हसू आवरत नाही. बोनकोम्पान्यो दा सिन्या नावाचे पत्रलेखन शिकवणारे उस्ताद होते. 1215 मध्ये त्यांनी बोलोन्यात आपला पत्रलेखनावरचा ग्रंथ जाहीरपणे वाचून दाखवला. अशा ग्रंथांत नमुना पत्रं असत, आणि त्यांत वारंवार येणारा विषय म्हणजे परगावी शिकणाऱ्या मुलाने घरी पैसे मागणे. गाव महाग आहे, खोलीचं भाडं द्यायचंय, पुस्तकं घ्यायचीत, असं सगळं. बापाचं उत्तरही तयार : तू अभ्यास सोडून भलतंच करतोस असं कानावर आलंय. आठशे वर्षांनी मी आठवीच्या वर्गात फळ्यावर प्रश्न लिहितो, 'तुम्ही वसतिगृहात आहात अशी कल्पना करून सहलीसाठी वडिलांकडे पैसे मागणारे पत्र लिहा', तेव्हा मुलं कंटाळतात. आता त्यांना हे सांगणार आहे.

पैसे संपण्याचा अनुभव मोठ्या लोकांनाही आला. कोपर्निकस 1496 मध्ये बोलोन्यात कायदा शिकायला आला आणि जर्मन जमातीत नाव नोंदवून राहिला. राहायला तो दोमेनिको मारिया नोव्हारा या खगोलशास्त्राच्या उस्तादांच्या घरी. कायदा बाजूला पडला आणि 9 मार्च 1497 च्या रात्री त्याने चंद्राने रोहिणीचा तारा झाकताना पाहिला, ती नोंद पुढे त्याच्या ग्रंथात आली. राहायला कुणाच्या घरी जागा मिळते, यावर माणूस काय होईल ते कधीकधी ठरतं. 1499 मध्ये कोपर्निकस आणि त्याचा भाऊ दोघेही पैशांनी इतके तंग झाले की रोममधल्या ओळखीच्या माणसामार्फत कर्ज काढावं लागलं.

पुस्तकं तर भलतीच महाग. त्यावर युक्ती अशी की पुस्तकविक्रेता ग्रंथाचे सुटे भाग करून ठेवायचा, त्याला 'पेचा' म्हणायचे. विद्यार्थी एक भाग भाड्याने न्यायचा, नकलून परत करायचा, दुसरा न्यायचा. एक ग्रंथ एकाच वेळी दहावीस जणांच्या हातात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात जी वाटावाटी होते, तिची ही पणजी.

त्या पुस्तकांमध्ये इब्न सीनाचा 'कानून' होता. बाराव्या शतकात तोलेदोत क्रेमोनाच्या जेरार्दने तो अरबीतून लॅटिनमध्ये आणला, आणि बोलोन्याच्या वैद्यकशाखेच्या 1405 च्या नियमावलीत तो शिकवायचा ग्रंथ म्हणून दाखल आहे. ग्रंथ पोहोचला, त्याच्या धर्माचा विद्यार्थी मात्र तेव्हा तिथं बसू शकला नसता. 1219 पासून पदवीचा परवाना बोलोन्याच्या आर्चडीकनच्या, म्हणजे चर्चच्या, हातात होता. बायकांना तर दार बंदच होतं. लाउरा बास्सी यांना 1732 मध्ये पदवी मिळाली आणि त्याच विद्यापीठात शिकवायची नेमणूकही झाली, पण तो अपवाद होता. आज इचलकरंजीची हिजाब घातलेली मुलगी स्टॅटिस्टिक्स शिकायला तिथं निघालीय, हे त्या हिशेबाने पाहिलं तर छोटं नाही.

बोलोन्याचे फोटो पाहिले असतील तर कमानींचे ओटे लक्षात राहिले असतील. पोर्तिको म्हणतात त्यांना. शहरात सगळे मिळून सुमारे 62 किलोमीटर भरतात, आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांचा जन्म जागेच्या टंचाईतून झाला. गाव माणसांनी आणि विद्यार्थ्यांनी भरलं, तसं घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले, भाड्याला खोल्या वाढवल्या. पुढे आलेल्या मजल्याला खालून खांब लागले. आपल्याकडे याला अतिक्रमण म्हणून नोटीस येते. 1288 मध्ये बोलोन्याने उलट केलं. ज्या घराला पोर्तिको नाही त्याने तो बांधावा, दुरुस्ती मालकाने करावी, आणि घोडेस्वार जाईल इतकी उंची ठेवावी, असा नियमच केला. खाजगी खोली वर, खाली सगळ्यांची वाट.

अरबीत अशा कमानींच्या ओवरीला 'रिवाक' म्हणतात. आणि काहिऱ्याच्या अल-अझहरमध्ये परमुलखातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या जागांनाही रिवाकच म्हणायचे : मगरिबवाल्यांचा रिवाक, तुर्कांचा रिवाक, शामवाल्यांचा रिवाक. तिथं राहण्या-खाण्याचा खर्च वक्फमधून निघायचा, बोलोन्यात ज्याचा त्याने करायचा. 1364 मध्ये कार्डिनल अल्बोर्नोस यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवून स्पॅनिश विद्यार्थ्यांसाठी बोलोन्यात वसतिगृह केलं. ते आजही चालू आहे. त्याला मी मनातल्या मनात वक्फच म्हणतो.

हे सगळं मी फोनवर मुलीच्या अब्बांना सांगितलं नाही. त्यांना सांगितलं ते आजचं, आणि तेच इथंही लिहितो, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या गावातून दुसरी मुलगी निघेल.

इटलीत 1998 च्या भाडेकायद्यात (क्रमांक 431) विद्यार्थ्यांसाठी वेगळा करार आहे. सहा महिन्यांपासून छत्तीस महिन्यांपर्यंतचा. विद्यापीठांच्या शहरांत घरमालकांच्या आणि भाडेकरूंच्या संघटना बसून भाड्याची मर्यादा ठरवतात, त्यात विद्यार्थी संघटनांनाही जागा आहे. ते जुने चार पंच वेगळ्या कपड्यांत परत आलेत. करार झाला की तीस दिवसांत कर खात्याकडे नोंदला गेला पाहिजे. अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही. पण बरेच मालक नोंदणी टाळतात, रोखीने द्या म्हणतात, थोडं स्वस्त देतात. तिथं भुलायचं नाही. शिष्यवृत्ती प्रादेशिक संस्थेकडून मिळते, बोलोन्याच्या प्रांतात तिचं नाव एर-गो. बाहेरगावच्या विद्यार्थ्याच्या दराने पूर्ण रक्कम हवी तर नोंदलेला करार दाखवावा लागतो. नोंदणी नाही तर महिन्याला वाचलेले पैसे वर्षाच्या शेवटी दामदुपटीने जातात.

शिष्यवृत्ती घरच्या उत्पन्नावर ठरते. उत्पन्नाचे, मालमत्तेचे, कुटुंबातल्या माणसांचे दाखले इथूनच काढून, अपोस्टिल करून, इटालियन भाषांतरासह न्यायचे. तलाठ्याकडची एक सही राहिली तर ती बोलोन्यातून मिळत नाही. शिधापत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच मिटवावा. आपल्यात शेख, शेक, शैख असे तीन-तीन प्रकार एकाच घरात असतात!

पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टपाल कार्यालयातून करायचा. त्याची पावती जिवापाड जपायची, प्रत्यक्ष कार्ड यायला महिने लागतात. 'कोदिचे फिस्काले' हा सोळा अक्षर-अंकांचा करक्रमांक लगेच घ्यायचा, त्याशिवाय ना करार, ना बँक. सरकारी आरोग्यसेवेत नाव घालायला विद्यार्थ्याला 2024 पासून वर्षाला 700 युरो पडतात, ते खर्चात धरायचे. भाडं विचारताना हीटिंग आणि विजेचा खर्च आत आहे की बाहेर, हे विचारायचं. खोली न बघता, व्हिडिओ कॉल न करता अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे नाहीत. पहिले दोन आठवडे हॉस्टेलमध्ये काढले तरी चालतील. शहरात नाहीच जमलं तर इमोला, मोदेना, फेर्रारा इथून रेल्वेने रोज येणारे विद्यार्थी आहेत. 1321 मध्ये चिडून गेलेले विद्यार्थी इमोलाला पायी किंवा घोड्यावर गेले असतील, आता अर्ध्या तासाची लोकल आहे.

खाण्याचं सांगायचं तर बोलोन्याला 'जाडी' असं टोपणनाव आहे आणि तिथल्या खाण्यात डुकराचं मांस फार. भाकरीसारखी दिसणारी पियादिनासुद्धा परंपरेने चरबी घालून करतात, पाकिटावर 'स्त्रुत्तो' हा शब्द वाचायला शिकायचा. स्टेशनच्या मागे बोलोनीना नावाचा भाग आहे. शहरात बांगलादेशी, पाकिस्तानी, मोरोक्कन लोक बरेच आहेत, हलाल मांसाची दुकानं मिळतात आणि उर्दू उपयोगी पडते. पण तेवढ्यातच अडकू नये, इटालियन शिकावी. नव्या भाषेच्या मुलाने बाकावर एकटं बसू नये, असं मी वर्गात म्हणतो तेच.

आणि खोलीची टंचाई फक्त आपल्या मुलांनाच नडते असं समजू नये. मे 2023 मध्ये मिलानमध्ये एका इटालियन विद्यार्थिनीने भाडं परवडत नाही म्हणून विद्यापीठासमोर तंबू ठोकला, आणि बघता बघता इतर शहरांतही तंबू लागले.

परवा रात्री मुलीने मला एका घरमालकिणीचं उत्तर पाठवलं. आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिलं होतं, आधी इंग्रजीत, मग भाषांतर करून इटालियनमध्ये. त्यात नाव, गाव, अभ्यासक्रम आणि एकच प्रश्न : नोंदणीचा करार मिळेल का? उत्तरात लिहिलं होतं, मिळेल, दोघींमध्ये एक खोली, पण बिननोंदणीपेक्षा महिन्याला 50 युरो जास्त. नावाबद्दल काही नव्हतं. मी तो मजकूर दोनदा पाहिला.

अब्बांना फोन केला. त्यांनी विचारलं, "पन्नास युरो म्हणजे किती, सर?" मी म्हणालो, पाच हजारांच्या आसपास. पलीकडे मागांचा खडखडाट ऐकू येत होता. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नोंदणीचाच घेऊ."